त्याला बोलतं करायची घाई नको

प्रश्न : मी गिरणाकाठच्या गावात अंगणवाडी सेविका आहे. पुरामुळे नऊ कुटुंबं शाळेत आणली आहेत. त्यातला सहा वर्षांचा एक मुलगा पाच दिवस झाले बोलत नाही, रात्री अंथरूण ओलं करतो. आई सिव्हिलला, जवळ फक्त आजी. येणारा प्रत्येक साहेब त्याला ‘काय झालं, सांग’ म्हणतो. बोलला की मोकळा होईल, असं सगळेच म्हणतात. मी काय करू?

उत्तर : ताई, त्याला कुणालाही खोदून विचारू देऊ नका. 2021 च्या ऑगस्टअखेरीस तितूर आणि डोंगरी या नद्या चाळीसगावात शिरल्या, तेव्हा मी बाल संरक्षणाच्या कामावर तिथल्या एका शाळेत होते. एका मुलीचा चिखलानं माखलेला फ्रॉक मी न विचारता काढला आणि ढिगात टाकला. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मावशीकडून कळलं, तो फ्रॉक तिला आईनं घातलेला होता, आणि आई सापडली नव्हती. तेव्हापासून लेकराला हात लावण्याआधी मी त्याला विचारते.

जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची 2011 ची पुस्तिकाही हेच सांगते : पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या, पण बोलण्याचा आग्रह धरू नका. पोरगं सांगेल तेवढंच ऐकायचं. तोवर काहीतरी त्याच्या मर्जीवर सोडा. ‘तुले भूक लागनी का?’ असं अहिराणीतच विचारा. खिचडी हवी की कळण्याची भाकरी, ते त्यालाच ठरवू द्या. जेवण, झोप रोज ठरल्या वेळी, आणि जवळ जाणारं माणूस एकच. अंथरुणाबद्दल चारचौघांत एक शब्दही नको, गुपचूप चादर बदला. आईबद्दल खरं सांगा : ‘ती दवाखान्यात आहे, डॉक्टर बघताहेत, मला कळलं की तुला सांगेन.’ ‘उद्या येईल’ मात्र म्हणू नका.

बोलणं बंद आहे म्हणून डोकं-कान आजच डॉक्टरांना दाखवा, मार लागलेला असू शकतो. महिनाभरात फरक पडला नाही, किंवा खाणंपिणं सुटलं, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तुमच्यासाठीही आहे.

आजी आहे तोवर त्याला तिच्यापासून हलवू नका. ज्या लेकराचं कुणीच नाही, त्याच्यासाठी 1098 ही मुलांची हेल्पलाइन लावा; त्याला 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. फोटो काढणाऱ्यांना स्पष्ट सांगा, बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार अशा मुलाची ओळख छापता येत नाही.

तुमच्या घरात पाणी शिरलं होतं का, ते तुम्ही लिहिलं नाही. शिरलं असेल तर दोन दिवस घरी थांबा. जाण्याआधी दुसऱ्या सेविकेला त्याच्याजवळ बसवा आणि परत कधी येणार ते त्याला सांगून जा.