फाशी द्यायची ती नेमकी कशासाठी?

फाशी रद्द व्हावी, असे माझे मत. त्यावर पत्रांतून आलेले हे प्रश्न आणि माझी उत्तरे.

फाशीच रद्द झाली तर गुन्हेगाराला धाक कशाचा उरेल?

पकडले जाण्याचा. शिक्षेच्या कठोरपणापेक्षा ती नक्की आणि लवकर होण्यानेच माणूस आवरतो, हे इटलीतल्या बेक्कारिया या विचारवंताने 1764 मध्येच लिहून ठेवले. इंग्लंडमध्ये 1808 पर्यंत खिसा कापण्यालाही फाशी होती, तरी फाशी पाहायला जमलेली गर्दी ही खिसेकापूंची सुगीच असे. कॅनडाने 1976 मध्ये खुनासाठीची फाशी रद्द केली आणि पुढच्या दशकांत तिथले खुनांचे प्रमाण उतरत गेले. ते फाशी गेल्यामुळे उतरले, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 2012 मध्ये आधीचे अभ्यास तपासले, तेव्हा फाशीने खून घटतात की वाढतात, यांतले काहीच त्यांवरून ठरवता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. एवढ्या डळमळीत आधारावर कुणाचा जीव कसा घ्यायचा?

ज्याने निर्घृण खून केला त्याला जगू देणे हा मेलेल्याचा अपमान नाही का?

आलेल्या पत्रांतला हा सर्वांत कठीण प्रश्न. धाकाचा मुद्दा आकडे पुढे ठेवून तपासता येतो, हा येत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणतो, बेटावरच्या समाजाने उद्या पांगायचे ठरवले, तरी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला आधी देहान्त द्यावा, नाहीतर त्या रक्ताचा दोष सगळ्यांवर राहील. यात सूडाची खुमखुमी नाही. खुनी हाही आपल्या कृत्याला जबाबदार असलेला माणूस आहे, एवढा आग्रह आहे आणि तो मलाही पटतो.

पटत नाही ते मोजमाप. घर जाळणाऱ्याचे घर आपण जाळत नाही. छळ करणाऱ्याचा छळ करायला पगारी माणूस नेमत नाही. शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी, पण ती गुन्ह्याची नक्कल नसावी, हे आपण एरवी मान्य केलेलेच आहे. मग खुनापाशीच अपवाद का? सर्वांत मोठ्या गुन्ह्याला समाजाकडची सर्वांत मोठी शिक्षा दिली की प्रमाण राखले जाते. ती शिक्षा मृत्यूच असावी, असे त्यातून निघत नाही. (आणि ‘इतरांना जरब बसावी म्हणून याला लटकवा’ म्हणणाऱ्यांनी कांटचा आधार घेऊच नये. माणसाला नुसते साधन म्हणून वापरू नका, हेही त्याचेच म्हणणे.)

इतकी अपिले असताना निर्दोष माणूस फासावर जाईलच कसा?

लंडनमध्ये 1950 मध्ये टिमथी इव्हान्सला पोटच्या मुलीच्या खुनाबद्दल फाशी झाली. सरकारी बाजूचा मुख्य साक्षीदार होता त्याच घरात खाली राहणारा जॉन क्रिस्टी. तीन वर्षांनी क्रिस्टीच्या घरात बायकांचे मृतदेह सापडले आणि मुलीबरोबरच मारल्या गेलेल्या इव्हान्सच्या बायकोलाही आपणच मारल्याचे त्याने कबूल केले. इव्हान्सला माफी मिळाली ती 1966 मध्ये. अपील त्याचेही झाले होते. खालच्या न्यायालयात खरी मानलेली खोटी साक्ष वरच्या न्यायालयातही कागदावर खरीच दिसते. तुरुंगात गेलेली वर्षेही परत येत नाहीत, कबूल. पण जिवंत माणसाला निदान दार उघडून देता येते.

आयुष्यभर कोंडून ठेवणे जास्त क्रूर नाही का?

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने 1868 मध्ये ब्रिटिश संसदेत फाशीच्या बाजूने नेमके हेच मांडले होते. जन्मठेप क्रूर असेल तर ती सुधारावी. कैद्यावर दया म्हणून त्याला मारायचे, हा तर्क मला कधीच पचलेला नाही.

मग मृताच्या घरच्यांनी काय करायचे?

रागवायचे. त्यांना क्षमेचा उपदेश करण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण खटला सरकारच्या नावाने चालतो तो एवढ्यासाठीच, की शिक्षा घरच्यांच्या रागावर, किंवा रागवायला घरचे कुणी नसण्यावर, ठरू नये. बेवारस माणसाचा खूनही तितकाच मोठा असतो.