‘सार्थक’ फरक की ‘लक्षणीय’ फरक? आणि ‘गृहीतक’ नाकारता येते का?

एम.एड.च्या लघुप्रबंधावर काम करणाऱ्या एका अभ्यासकाने विचारले आहे की, ‘सिग्निफिकंट’साठी ‘सार्थक’ लिहावे की ‘लक्षणीय’, ‘हायपोथिसिस’ला ‘गृहीतक’ म्हणावे की ‘परिकल्पना’, आणि टिपणांत आढळलेली ‘समांतर मापनश्रेणी’ नेमकी कशाला समांतर असते. सोबत त्यांनी प्रबंधातील एक वाक्य दिले आहे: ‘गृहीतक क्र. ३ स्वीकारण्यात आले. दोन्ही गटांच्या मध्यमानांत सार्थक फरक नाही, म्हणजेच दोन्ही अध्यापनपद्धती सारख्याच परिणामकारक आहेत.’ प्रत्येक गटात ३० विद्यार्थी होते, १०० पैकी मिळालेल्या गुणांच्या मध्यमानांत, म्हणजे सरासरीत, ४ गुणांचा फरक निघाला आणि प्रमाण विचलन (गुण मध्यमानाभोवती किती विखुरले आहेत याचे माप) दोन्हीकडे सुमारे १५ होते. व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात काहीही खोट नाही. खोट शब्दांच्या निवडीत आहे, आणि त्या निवडीमुळेच वाक्याचा शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा भाग चुकीचा झाला आहे.

‘गृहीतक’पासून सुरुवात करू. ‘गृहीत’ म्हणजे घेतलेले, धरलेले. आणि मराठीत एखादी गोष्ट ‘गृहीत धरणे’ म्हणजे ती तपासायची नाही असे ठरवणे. ‘मला गृहीत धरू नका’ या घरोघरी ऐकू येणाऱ्या तक्रारीतही तोच अर्थ आहे. भूमितीतील युक्लिडच्या पायाभूत विधानांना आपण गृहीतके म्हणतो ती याच कारणाने, कारण ती सिद्ध न करता पुढे जायचे असते. हायपोथिसिस मात्र तपासण्यासाठीच मांडलेली असते. जी गोष्ट तपासायची नाही आणि जी तपासायचीच आहे, त्या दोहोंना एकच नाव दिले तर घोळ होणारच. टी-चाचणी (दोन गटांच्या मध्यमानांची तुलना करणारी चाचणी) वापरताना नोंदी परस्परांपासून स्वतंत्र आहेत, गुणांचे वितरण प्रसामान्य वितरणाच्या (घंटेच्या आकाराच्या आलेखाच्या) जवळपास आहे आणि दोन्ही गटांतील विखुरणे साधारण सारखे आहे, असे धरून चालावे लागते. ही झाली चाचणीची गृहीतके. दोन पद्धतींत फरक नाही, हे विधान झाली परिकल्पना. आता कोणी ‘गृहीतके तपासली’ असे लिहिले, तर त्याने या दोहोंपैकी काय तपासले हे वाचकाला कळत नाही. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या काही प्रबंधांत ‘गृहीतकृत्य’ असाही शब्द दिसतो; तो याच घोळाचा थोरला भाऊ आहे. म्हणून तपासायच्या विधानाला ‘परिकल्पना’ आणि धरून चालायच्या गोष्टीला ‘गृहीतक’ ही वाटणी मला निर्विवाद वाटते.

येथे थोडे विषयांतर करतो. न्यायसूत्रांत सिद्धांताचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांतील चौथा ‘अभ्युपगम’, म्हणजे न तपासता तात्पुरते मान्य केलेले आणि त्यावरून पुढचा विचार करण्यासाठी घेतलेले मत. संख्याशास्त्रातील शून्य परिकल्पनेचा (‘नल हायपोथिसिस’चा) स्वभाव अगदी असाच आहे: आपण ती क्षणभर मान्य करतो आणि मग विचारतो की, ती खरी असती तर हाती आलेली निरीक्षणे कितपत अपेक्षित होती. शब्द सुंदर आहे, पण आज तो वापरला तर परीक्षक त्याचा अर्थ विचारतील आणि उत्तर देता देता मौखिक परीक्षा संपेल.

‘शून्य’ हे विशेषणही जरा जपून घ्यावे. विद्यार्थ्यांना वाटते की शून्य परिकल्पना म्हणजे ‘फरक शून्य आहे’ असे विधान. पुष्कळदा ते तसे असते, पण ‘या तालुक्यातील मुलांचे मध्यमान ५० आहे’ हीसुद्धा शून्य परिकल्पना असू शकते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात ही संज्ञा रूढ केली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर अंकातील शून्य नव्हते. प्रयोगाने जिला रद्द ठरवण्याची संधी मिळते ती परिकल्पना, असा त्यांचा रोख होता. हिंदी पुस्तकांतील ‘निराकरणीय परिकल्पना’ या अर्थाशी अधिक प्रामाणिक आहे. तरीही मराठीत ‘शून्य’ इतके रुळले आहे की ते बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही.

फिशर यांच्या त्याच पुस्तकातील चहाचा प्रयोग पाहिला की पुढचे शब्द आपोआप जागेवर बसतात. रोथॅमस्टेडच्या कृषिसंशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टॉल या शैवालतज्ज्ञ बाईंचे म्हणणे होते की, कपात आधी दूध ओतले की आधी चहा, हे त्यांना चवीवरून ओळखता येते. पुस्तकातील मांडणीत आठ कप आहेत, चार एका रीतीचे आणि चार दुसऱ्या, आणि ते यदृच्छ क्रमाने दिले जातात. बाईंना काहीच ओळखता येत नाही, ही शून्य परिकल्पना. आठांतून चार कप निवडण्याचे ७० प्रकार होतात, त्यांतला एकच पूर्ण बरोबर. म्हणजे निव्वळ अंदाजाने चारही कप बरोबर निघण्याची संभाव्यता ७० मध्ये १, सुमारे १.४ टक्के. पण चारांपैकी एक कप चुकला तर? तीन बरोबर आणि एक चूक अशा १६ निवडी आहेत. त्यात पूर्ण बरोबर असलेली एक मिळवली की १७ होतात, आणि ७० मध्ये १७ म्हणजे सुमारे २४ टक्के. इतके यश तर ज्याला काहीच कळत नाही त्यालाही चार वेळांत एकदा मिळेल. पी-मूल्य म्हणतात ते हेच: परिकल्पना खरी असती तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल दिसण्याची संभाव्यता. परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता म्हणजे पी-मूल्य नव्हे, ही गोष्ट प्रबंधांच्या भाषेत वारंवार निसटते.

आता मुख्य प्रश्न. चारही कप ओळखले गेले, तर त्या निकालाला काय म्हणावे? ‘सार्थक’ म्हणजे अर्थासहित. पोथ्यांच्या मुखपृष्ठावरील ‘सार्थ’ हा शब्द त्याच जातीचा. पण ‘सार्थक’ म्हटल्याबरोबर मराठी कानाला ‘जन्माचे सार्थक झाले’, ‘कष्टांचे सार्थक झाले’ हेच ऐकू येते. मराठीत सार्थक मुख्यतः नाम आहे आणि ते ‘होते’. ‘दोन गटांत सार्थक फरक आहे’ हे वाक्य वाचून तो फरक धन्य झाला, असे काहीसे वाटते. हिंदीत ‘सार्थक’ विशेषण म्हणून सहज चालतो, ‘सार्थकता स्तर’ तिकडे प्रमाण आहे, आणि आपल्या टिपणांत तो बहुधा त्याच वाटेने आला असावा. हिंदीत त्यात काही वावगे नाही; मराठीत तो शब्द दुसऱ्या कामावर आधीच रुजू झालेला आहे.

‘लक्षणीय’ची गोष्ट वेगळी. ‘लक्षण’ म्हणजे खूण, चिन्ह. मूळ इंग्रजी संज्ञेच्या पोटातही लॅटिनमधील खुणेचाच शब्द आहे. १८८५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी संख्यांतील फरकाबाबत ती वापरली, तेव्हा अर्थ ‘मोठा’ किंवा ‘महत्त्वाचा’ असा नव्हता. हा फरक निव्वळ योगायोगाचा नसून कशाची तरी खूण आहे, एवढाच होता. ताप हे लक्षण आहे असे वैद्य म्हणतात, तेव्हा ताप मोठा आहे असे ते म्हणत नाहीत. आत काहीतरी चालले आहे असे म्हणतात. या अर्थाने ‘लक्षणीय’ इतका नेमका बसतो की इंग्रजी वाचकाला हेवा वाटावा.

त्यात एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ‘लक्षणीय वाढ’ म्हणजे वृत्तपत्रांत भरघोस वाढ. म्हणून ‘लक्षणीय फरक’ वाचणारा ‘बराच फरक’ असा अर्थ घेतो. समजा, दोन पद्धतींची तुलना प्रत्येकी २०,००० विद्यार्थ्यांवर केली, प्रमाण विचलन तेच १५ आहे आणि मध्यमानांत फक्त अर्ध्या गुणाचा फरक निघाला. फरकाची प्रमाण त्रुटी (नमुना बदलला तर हा फरक साधारण किती हलेल याचे माप) येथे ०.१५ येते, म्हणजे फरक तिच्या तिपटीहून मोठा झाला आणि पी-मूल्य हजारात एकाच्या आसपास गेले. हा फरक निःसंशय लक्षणीय आहे आणि वर्गातल्या शिक्षकाच्या दृष्टीने कवडीमोलाचा आहे. यावर उपाय दोन. पारिभाषिक अर्थ हवा असेल तेथे ‘संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय’ असे पूर्ण लिहावे, निदान प्रकरणात पहिल्यांदा तरी. आणि फरकाचा आकार सांगायचा असेल तेथे ‘मोठा’, ‘भरीव’, ‘नगण्य’ हे साधे शब्द वापरावेत. प्रबंधात ‘लक्षणीय’ शब्दाला दोन्ही नोकऱ्या देऊ नयेत.

‘स्वीकारण्यात आले’ या क्रियापदामागे एक जुने भांडण आहे. फिशर यांचे म्हणणे असे की, शून्य परिकल्पना प्रयोगाने कधी सिद्ध होत नाही. फार तर ती खोडली जाऊ शकते. येर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये वेगळी मांडणी केली. त्यांच्याकडे चाचणी म्हणजे दोन पर्यायांमधून निवड करण्याचा नियम, आणि दोन प्रकारच्या चुकांचा (पहिली, खरी परिकल्पना नाकारणे; दुसरी, खोटी परिकल्पना न नाकारणे) हिशेब आधीच मांडून ठेवलेला. त्या मांडणीत ‘स्वीकारणे’ म्हणजे ते खरे मानणे नव्हे, तर ते खरे असल्यासारखे वागणे. दोन्ही पक्ष त्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एकाच इमारतीत होते, आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे त्याच काळात तेथे शिकून १९३६ मध्ये पीएच.डी. झाले. आपल्या पाठ्यपुस्तकांत या दोन घराण्यांची भाषा एकत्र कालवली गेली आहे: पी-मूल्य फिशर यांचे, स्वीकार-नकार नेमन-पिअर्सन यांचे. दुसऱ्या प्रकारच्या चुकीचा हिशेब ज्याने केला नाही, त्याला ‘स्वीकारली’ म्हणण्याचा अधिकार नाही असे माझे मत आहे. त्याने ‘नाकारता आली नाही’ एवढेच लिहावे. ही नुसती नम्रता नाही. प्रश्नकर्त्याच्या आकड्यांत प्रमाण त्रुटी सुमारे ३.९ येते, त्यामुळे खऱ्या फरकाचा ९५ टक्के विश्वास अंतराल (हाती आलेल्या आकड्यांशी सुसंगत अशा फरकांचा पट्टा) साधारण उणे ३.८ ते अधिक ११.८ गुण असा निघतो. जेथे ११ गुणांच्या फरकालाही वाव आहे, तेथे ‘दोन्ही पद्धती सारख्याच’ कशा म्हणणार?

‘समांतर’बद्दल थोडक्यात. मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मापनाच्या चार श्रेणी सांगितल्या. पिनकोड फक्त नावाचे काम करतो, वर्गातील क्रमांक पुढे-मागे सांगतो, सेल्सिअसमधील तापमानात दोन अंशांमधले अंतर सर्वत्र सारखे असते पण शून्य सोयीने ठरवलेले, आणि वजनात शून्य खरे असल्यामुळे ‘दुप्पट’ म्हणता येते. तिसऱ्या श्रेणीला टिपणकर्त्याने समांतर म्हटले ते ‘सम अंतर’ या अर्थाने, आणि फोड करून पाहिली तर ते अगदी बरोबर आहे. पण भूमितीतील समांतर रेषांनी तो शब्द केव्हाच पळवला आहे. ‘अंतराल श्रेणी’ लिहावे. नाव कोणतेही घ्या, ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा उत्तरांना १ ते ५ अंक दिल्याने त्यांमधली अंतरे सारखी होत नाहीत. ती क्रमदर्शकच राहतात, आणि त्यांचे मध्यमान काढण्याआधी मध्यक (उत्तरे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे मूल्य) पुरेसा आहे का हे पाहावे.

विद्यापीठाच्या नमुन्यात ‘सार्थकता स्तर’ असा रकाना छापलेला असेल तर त्याच्याशी भांडू नये, रकान्यात ०.०५ भरावे (म्हणजे पी-मूल्य याहून कमी असेल तरच निकाल लक्षणीय मानायचा) आणि मजकुरात आपला शब्द ठेवावा. प्रश्नकर्त्याचे वाक्य मी असे लिहीन: ‘शून्य परिकल्पना क्र. ३ नाकारता आली नाही. मध्यमानांतील ४ गुणांचा फरक ०.०५ पातळीवर संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय नाही (टी = १.०३, स्वातंत्र्यमात्रा ५८, पी-मूल्य सुमारे ०.३१), मात्र प्रत्येकी ३० विद्यार्थ्यांच्या या नमुन्यावरून दोन्ही पद्धतींची परिणामकारकता सारखी आहे, असेही म्हणता येत नाही.’