गोव्यात पर्वरीच्या वाहतूक कोंडीत गाडी तापते, रस्ता मोकळा झाला की काटा उतरतो. गॅरेजवाला म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाका. काढू का?

काढू नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला) रेडिएटरकडे वाट देणारी झडप. तो बंद अवस्थेत अडकला असता तर गाडी मोकळ्या रस्त्यावरही तापली असती, चोर्ला घाटात तर हमखास. तुमचा काटा मांडवी पुलावर वेग घेताच उतरतो, म्हणजे कूलंट फिरतो आहे. गाडी उभी असताना रेडिएटरमधून हवा खेचली जात नाही, एवढाच याचा अर्थ. पहिला संशय पंख्यावर घ्या.

थंड इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पंखा फिरू लागतो. रांगेत एसीची हवाही कोमट येत असेल तर संशय आणखी पक्का, कारण बऱ्याच गाड्यांत कंडेन्सरलाही (रेडिएटरपुढची एसीची जाळी) तोच पंखा थंड करतो. पंखा फिरला नाही तर आधी फ्यूज बघा, मग पंख्याचा रिले (विजेवर चालणारा स्विच) काढून त्याच प्रकारचा दुसरा (बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा चालतो) तिथे लावून बघा. तरीही ढिम्म, तर पंख्याचा प्लग काढून फ्यूज असलेल्या वायरने बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. हात पात्यांपासून लांब ठेवा. फिरला तर मोटर ठीक, दोष वायरिंग, सेन्सर किंवा अर्थिंगमध्ये. नाही फिरला तर मोटर गेली. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत प्लगच्या पिना हिरव्या पडतात, म्हणून मोटर बदलण्यापूर्वी त्या घासून बघाच. दोन वेगांच्या पंख्यात कधी कधी कमी वेगासाठीचा रेझिस्टर जळतो. मग पंखा फक्त मोठ्या वेगाने आणि फार उशिरा लागतो. हा दोष अनेकदा नजरेतून सुटतो.

पंखा नीट फिरत असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारा. लाल धूळ आणि किडे तिथेच थापले जातात, पुढून काही दिसत नाही. साध्या नळीने, इंजिनच्या बाजूने बाहेर असे धुवा. प्रेशर वॉशरने फिन्स (जाळीच्या पातळ पत्र्या) वाकतात.

थर्मोस्टॅट काढला तर उभ्या गाडीत हवा वाढणार नाही, त्रास तसाच राहील. उलट इंजिन तापायला वेळ लागेल, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल देत राहील आणि झीज वाढेल. शंकाच असेल तर तो पाण्यात टांगून पाणी तापवा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, साधारण त्या अंशाला तो उघडायला लागला पाहिजे.

रेडिएटरच्या झाकणाचे रबर कडक झाले असेल तर झाकण बदला. ते साधारण १ बार दाब धरते, म्हणूनच कूलंट १०० अंशांच्या पुढेही उकळत नाही. आणि कृपा करून विहिरीचे किंवा बोअरचे पाणी ओतू नका; त्यातले क्षार आत साचतात. कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी निम्मे-निम्मे घाला. वेगळ्या प्रकारचा कूलंट वापरायचा असेल तर आधी पूर्ण फ्लश करा, नाहीतर आत गाळ धरू शकतो. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा.

तोवर रांगेत काटा चढला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण. तरीही लाल पट्ट्याकडे जात असेल तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. झाकण अर्धा-पाऊण तास उघडू नका, तापलेल्या इंजिनवर थंड पाणी तर अजिबात टाकू नका. हेडला (इंजिनचा वरचा भाग) तडा जाऊ शकतो.

थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा कडक होत असेल, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट (हेडखालचे सील) गेल्याची लक्षणे आहेत. मग गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.