वाचकांचे प्रश्न : लोगो झाला, बरण्या ठरल्या, आता पुढे काय?

कोकणातल्या घरगुती उद्योगांवर आम्ही लिहिलं तेव्हापासून साबण, बाम, उटणं असल्या धंद्यांबद्दल बरीच पत्रं येतायत. बहुतेकांना 'झिरो वेस्ट' ब्रँड काढायचाय. त्यातले काही प्रश्न इथे घेतलेत, नावं छापत नाही.

प्रश्न : मी वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहते, मुंबईची नोकरी सोडून परत आलेय. आमची कोकमाची झाडं आहेत, आई दरवर्षी आगळ आणि सोलं करते. मला झिरो वेस्ट स्किनकेअरचा ब्रँड सुरू करायचाय. साबण, फेसवॉश, शाम्पू, लिप बाम, कोरफडीचं जेल, उटणं असं सगळं डोक्यात आहे. नाव ठरलंय, लोगो झालाय, बांबूच्या झाकणाच्या काचेच्या बरण्या ऑनलाइन बघून ठेवल्यात. सुरुवात कुठून करू?

ताई, आधी एक करा, त्या बरण्यांची ऑर्डर देऊ नका. काच जड असते, ती ट्रकने घाट उतरून तुमच्याकडे येणार, तुम्ही त्यात पन्नास ग्रॅम बाम भरणार, तीच बरणी बबल रॅपमध्ये गुंडाळून परत घाट चढून पुण्याला जाणार आणि तिथली गिऱ्हाईक बाम संपला की दोन दिवस खिडकीत ठेवून मग फेकून देणार. यात वेस्ट झिरो कुठे झालं? फोटो छान येतो, एवढंच.

तुमचं खरं भांडवल तुमच्या मागच्या अंगणात पडलंय. आगळ-सोलं करताना ज्या बिया निघतात त्यांचं काय करता? बऱ्याच घरांत त्या सरळ माडाच्या आळ्यात जातात किंवा कोणी व्यापारी आला तर पडेल त्या भावाने विकल्या जातात. त्या बियांच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा तूप असतं, ज्याला बाहेर कोकम बटर म्हणून चांगला भाव मिळतो. घरात आजी असेल तर तिला विचारा, तिने थंडीत भेगाळलेल्या टाचांना हेच लावलं असणार. बिया स्वच्छ धुवून कडक उन्हात वाळवायच्या, वरचं टरफल काढून आतला गर कुटायचा, पाण्यात घालून मंद आचेवर उकळत ठेवायचा, वर तेल तरंगायला लागतं, मग रात्रभर तसंच ठेवलं की सकाळी पांढरट जाड थर बसलेला असतो, तो काढून परत वितळवून गाळायचा आणि त्यातला पाण्याचा अंश पूर्ण उडवायचा. हाताने केलं तर पाव हिस्सा तूप काही निघत नाही, बरंचसं चोथ्यात राहतं, घाण्यावर काढलं तर जास्त मिळतं. चोथा बागेत जातो, खत म्हणून. आणि बिया नीट वाळल्या नाहीत की बुरशी धरतात, मग तुपाला जो कुबट वास येतो तो कितीही गाळलं तरी जात नाही, म्हणून हे काम पावसाच्या आधीच उरकायचं.

आता याचा फायदा बघा. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं, म्हणजे मे महिन्यात नुसत्या खोबरेलाचा बाम कुरियरमध्ये टाकला तर गिऱ्हाईकाच्या हातात तेलाची डबी पडते. कोकमाचं तूप ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून ते तेवढं चटकन ढासळत नाही. त्यात थोडं खोबरेल मऊपणाला आणि थोडं मधमाशांचं मेण (ते साठच्या वर वितळतं) धरून ठेवायला, बस. प्रमाण मात्र स्वतः करून बघावं लागतं आणि मे महिन्यातच बघायचं, डिसेंबरमध्ये सगळेच बाम चांगले वाटतात.

तुमच्या यादीतलं कोरफडीचं जेल, फेसवॉश आणि शाम्पू सध्या खोडून टाका. ज्यात पाणी त्यात जंतू आणि बुरशी, आणि आपली हवा तर त्यांच्या माहेरासारखी. पाण्याचं प्रॉडक्ट विकायचं तर प्रिझर्व्हेटिव्ह लागतो, लॅबमधून टेस्ट करून घ्यावं लागतं, आणि 'आम्ही काहीच घालत नाही' म्हणणाऱ्याचं जेल दहा-पंधरा दिवसांत फसफसतं. फ्रीजमध्ये ठेवा असं लेबलवर लिहून सुटका होत नाही हो. बिनपाण्याच्या वस्तूला हा त्रास फार कमी, शिवाय तुम्ही कुरियरने पाणी वाहून नेत नाही, पॅकिंग लहान लागतं. त्यामुळे टाचांचा बाम आणि लिप बाम, दोनच. हे दोन वर्षभर नीट विकले गेले की मग साबण. उटणं फक्त कोरडं, दिवाळीपुरतं.

आणि विकायचं कुठे तर आधी जवळ. वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळ, जिथे रिकामी डबी परत येऊ शकते तिथे. तुमच्या वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेनेच कचरा वेगवेगळा करून डेपोच्या जागेचं लोक बघायला जातील असं ठिकाण केलंय, तिथल्या माणसांना डबी परत आणा म्हणून वेगळं शिकवावं लागणार नाही. पत्र्याची चपटी डबी वापरा, हलकी, फुटत नाही, धुता येते. पुणे-मुंबईची ऑर्डर आली तर कागदी ट्यूब चालते.

प्रश्न : गुहागरला राहते. खोबरेलाचा साबण घरी करते, नातेवाइकांना आवडतो. पण पाऊस सुरू झाला की वड्यांवर घामासारखे थेंब येतात. साबण बिघडतो का? आणि त्यावर 'केमिकल फ्री' असं लिहिलं तर चालेल ना?

बिघडत नाही. घरच्या साबणात ग्लिसरीन तसंच राहतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुलैत आपल्याकडे हवेत पाण्याला काय तोटा. पुसून वापरा, काही होत नाही. पण विकायचा असेल तर हे असं ओलं दिसलेलं कोणी घेत नाही, आणि कागदाच्या खोक्यात ठेवलात तर खोकं मऊ होऊन बुरशी धरतं. म्हणून हिशोब असा ठेवा की साबण ऑक्टोबर ते मार्च एवढ्यातच पाडायचा, ४ ते ६ आठवडे रॅकवर मोकळा सुकवायचा, आणि जूनच्या आत बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळून झाकणाच्या पिंपात भरून ठेवायचा. पावसात नवा घाणा घालूच नका, सुकता सुकत नाही.

तुम्ही कॉस्टिक सोडा अंदाजाने घालत असाल असं पत्रावरून वाटतंय (तुम्ही 'चार चमचे' लिहिलंय). असं नका करू. १ किलो खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं, आपण मुद्दाम ५ टक्के कमी घालतो म्हणजे १७४च्या आसपास, म्हणजे थोडं तेल मोकळं राहून कातडी ओढत नाही. नुसत्या खोबरेलाच्या साबणाला तर त्याहूनही जास्त तेल मोकळं ठेवतात कारण तो फार कोरडा करतो. ग्रॅमचा काटा घ्या. कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही, उसळतं. अॅल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. स्टील किंवा जाड प्लास्टिक, हातात ग्लोव्हज, डोळ्यांना चष्मा, आणि पोरं-मांजरं घराबाहेर. जाता जाता, खोबरेलाच्या साबणाला खाऱ्या पाण्यातही फेस येतो, म्हणून बोटीवरची माणसं पूर्वीपासून तोच नेत. होड्यांवर जाणाऱ्यांना विकून बघा की!

आणि 'केमिकल फ्री' कसं लिहिणार, आत्ता तर कॉस्टिक मोजलं आपण. पाणीसुद्धा केमिकलच आहे. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगवर मार्गदर्शक सूचना काढल्यात, 'इको फ्रेंडली', 'ग्रीन' असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. त्यापेक्षा सरळ लिहा, 'वेष्टन कागदाचं, प्लास्टिक नाही'. खरं आहे, तपासता येतं, आणि वाचणाऱ्याला लगेच कळतं.

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमचा बचत गट आहे. प्रदर्शनात साबण आणि फेसपॅक विकतो. एकाने सांगितलं उद्यम रजिस्ट्रेशन केलं की झालं, दुसरा म्हणतो फूड लायसन्सचा नंबर टाका. घरगुती आहे, खरंच काही लागतं का?

लागतं. आणि दोघांनी सांगितलेलं चुकीचं आहे. उद्यम ही लहान उद्योगांची नुसती नोंदणी, फुकट होते, जरूर करा, कर्जाला उपयोगी पडते, पण ती परवानगी नाही. फूड लायसन्स खायच्या वस्तूचं, साबणाच्या वडीवर तो नंबर बघून हसावं की रडावं कळत नाही, पण प्रदर्शनात दिसतो खरा.

अंगाला, तोंडाला लावायची वस्तू विकायला बनवली की ती कॉस्मेटिक. त्याला १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२०चे कॉस्मेटिक्स रूल्स लागतात, लायसन्स राज्याचं एफडीए देतं, म्हणजे आपलं अन्न व औषध प्रशासन. घरगुती म्हणून सूट नाही. राहत्या स्वयंपाकघरात करून चालत नाही, वेगळी स्वच्छ जागा लागते, आणि कामावर देखरेखीला एक जाणकार माणूस लागतो. इथे बायका घाबरतात, पण केमिस्ट्री घेऊन बारावी झालेली व्यक्तीही चालते, डी.फार्मच (फार्मसीचा डिप्लोमा) पाहिजे असं नाही. गटातल्या कोणाची तरी सून किंवा मुलगी सायन्सची निघतेच! अर्ज फॉर्म सीओएस-५ मध्ये. जागेचा खर्च झेपत नसेल तर लोन लायसन्स असतं, म्हणजे ज्याच्याकडे आधीच लायसन्सची जागा आहे त्याच्या जागेत तुम्ही तुमचा माल करायचा, त्याचा अर्ज सीओएस-६. दोन-तीन गटांनी मिळून एक शेड केली तर सगळ्यात बरं.

लेबलवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ते, घटक, वजन, एमआरपी, तक्रारीचा संपर्क हे सगळं यायला हवं. 'पिंपल्स बरे होतात', 'इसब जातो' असं काहीही लिहू नका, तसं लिहिलं की ते औषध ठरतं आणि त्याचे नियम वेगळे. फेसपॅक कोरडाच ठेवा.

पैशांसाठी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पीएमईजीपीची (पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमाची) चौकशी करा, ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के सबसिडी आणि स्वतःचे ५ टक्के, बाकी बँक. अर्ज करायच्या आधी चालू नियम तिथे बघून घ्या, एजंटला पैसे देऊ नका. पीएमएफएमई मात्र खाद्यपदार्थांची योजना आहे, त्यात साबण बसत नाही.

प्रश्न : बाम करवंटीत भरून विकला तर? (दापोली)

दिसायला फक्कड, पण तेल झिरपतं, झाकण नीट बसत नाही, आणि पहिल्या पावसात बुरशी. साबणदाणी करा करवंटीची, तळाला भोकं पाडून.

प्रश्न : मालवणात आमचा होमस्टे आहे. पाहुण्यांसाठी छोट्या साबणाच्या वड्या आणि शाम्पूच्या बाटल्या ठेवतो. अर्धवट वापरून टाकून जातात, सीझनला पोतं भरतं. काय पर्याय?

शाम्पूला भिंतीवर कुलपाचा पंप बसवा आणि पाच लिटरचा कॅन घ्या, एवढ्याने बाटल्या संपल्या. साबणाला पंप लागत नाही, जवळपास लायसन्सवाला कोणी साबण करत असेल तर त्याला लांब पट्टी द्यायला सांगा, कापलेल्या वड्या नकोत. पाहुणे जेवढे दिवस राहणार तेवढाच तुकडा कापून द्यायचा, दोन रात्रींना बोटभर पुरतो. उरलेले तुकडे किसून कपडे धुवायला.

वेंगुर्ल्याच्या ताईंचं पत्र वर आहे, त्यांनी हे वाचावं. साबणापर्यंत त्या पोचतील तेव्हा पोचतील, पण टाचांचा बाम होमस्टेच्या काउंटरवर ठेवला तर वाळूत फिरून आलेला मुंबईकर हमखास घेतो. डबीमागे वीस रुपये डिपॉझिट ठेवा, जाताना परत दिली तर पैसे परत. परत आलेल्या डब्या उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवायच्या, आतल्या कडेला जरा ओल राहिली तरी बाम खराब होतो, त्यामुळे पावसाळ्यात डब्या गोळा करत राहा पण भरायचं काम ऑक्टोबरात.