हवामान बदलाचे आकडे खरे असतात की बनवलेले? शंभर वर्षांपूर्वीचं तापमान यांना कसं कळलं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "आमच्या ऑफिसातले एक जण म्हणतात, आकडे काय, कोणीही ठोकतं." हे वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसले नसते. हेच वाक्य मी तीस-पस्तीस वर्षं माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या तोंडून ऐकते आहे. आणि त्याला ते म्हणायचा अधिकारही आहे, कारण त्याने स्वतः एकदा ठोकले होते.

आमचे अण्णा सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळामास्तर होते, आणि हवामान खात्याचे अर्धवेळ निरीक्षक. मानधन नावालाच. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत चार पायांवर उभी एक पांढरी लाकडी पेटी होती, चारी बाजूंनी झडपा, दार उत्तरेला. उन्हाची तिरीप आत जाता कामा नये आणि वारा मात्र खेळता राहिला पाहिजे, म्हणून ती तशी. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच. लग्न असो, सुतक असो, अण्णा त्या वेळेला पेटीपाशी. सव्वापाचला आलेल्या पाहुण्याला आमच्याकडे चहा आईच्याच हातचा आणि आईच्याच सोबतीने प्यावा लागे.

पेटीत चार थर्मामीटर. दोन उभे, दोन आडवे. उभ्यातला एक कोरडा, दुसऱ्याच्या पाऱ्याच्या फुग्याला मलमलीचं फडकं गुंडाळलेलं आणि त्याची वात पाण्याच्या कुपीत बुडलेली. तो "ओला". माठातलं पाणी गार होतं त्याच न्यायाने ओला नेहमी कोरड्यापेक्षा खाली असतो. हवा कोरडी तितका जास्त खाली. दोन्हींतल्या फरकावरून दमटपणा काढायचा. आडव्यातला एक कमाल, एक किमान. कमालचा पारा चढतो पण आपण होऊन उतरत नाही, ताप मोजायच्या काचेच्या थर्मामीटरसारखा. झटकल्याशिवाय तो दिवसाचा सगळ्यात वरचा आकडा धरून बसतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

अण्णांचा एक नियम मला अजून पाठ आहे: आधी दशांश वाच, मग पूर्ण अंश. तुझ्या श्वासाने आणि अंगाच्या उबेने पारा हलतो, आणि हलताना पहिल्यांदा दशांशच बिघडतो. वाचलेला आकडा आधी शंभर पानी वहीत, मग खात्याच्या रजिस्टरमध्ये. रजिस्टर पुण्याला जायचं, वह्या घरी राहायच्या. चुकलं तर खोडरबर नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

आता १९८७ चा मे. अण्णा सकाळचं रीडिंग घेऊन बार्शीला लग्नाला गेले, रात्रीच्या एसटीने परतणार होते. साडेपाचचं काम दादाकडे. तो तेव्हा सोळाचा, दहावीची परीक्षा देऊन मोकळा. मी अकराची. त्या दिवशी मी आणि आई काकूंच्या गच्चीवर कुरडया घालत होतो, हे मुद्दाम सांगते. दादा टेनिस बॉलच्या मॅचला गेला आणि सात वाजता घरी आला. वही काढली आणि लिहिलं: कोरडा ३८.७, ओला ३७.७, कमाल ३७.५.

अण्णा साडेनऊला आले. हातपाय धुवायच्या आधी वही उघडली. मला आठवतं ते असं, की ते ओरडले नाहीत. चप्पल परत पायात घातली, टॉर्च घेतला आणि आम्हा दोघांना शाळेमागे नेलं. पेटीचं दार उघडून कमालवर उजेड टाकला. "वाच." पारा ४१.३ वर. दिवसभराचा आकडा धरून बसला होता बिचारा, कोणी विचारायला आलंच नव्हतं.

मग तिथेच, अंधारात, त्यांनी दादाची शिकवणी घेतली. कमाल म्हणजे दिवसातलं सगळ्यात जास्त. मग साडेपाचला हवा ३८.७ आणि दिवसाचं सगळ्यात जास्त ३७.५, हे कसं? बरं, ते सोड. ओला ३७.७? मे महिन्यात, आपल्याकडे? इथे या दिवसांत ओला बावीस-तेवीसला असतो, असला ओला मी जन्मात पाहिलेला नाही. तू कोरड्यातून नुसता एक वजा केलास.

तसंच केलं होतं. दादा गप्प.

घरी येऊन अण्णांनी तिन्ही आकड्यांवर एकेक रेघ मारली. साडेपाचच्या कोरड्या-ओल्यापुढे नुसती आडवी रेष ठेवली आणि शेऱ्याच्या रकान्यात निरीक्षण घेतलं गेलं नाही असं लिहिलं. रजिस्टरमध्येही तेच. आई म्हणाली, अहो, अंदाजाने भरा, कोण बघतंय. अण्णा म्हणाले, रिकामी जागा खोटी नसते.

तर तुमच्या सहकाऱ्यांना माझं उत्तर हे: आकडे ठोकता येतात. निभावता येत नाहीत. एक आकडा एकटा नसतो, त्याला शेजारी असतात. कोरड्याला ओला, त्या दोघांना कमाल-किमान, आजच्याला कालचा, आमच्या गावाला बार्शी आणि पंढरपूर. मी सहकारी बँकेत आहे. एका व्हाउचरमध्ये फिरवाफिरव केली तर संध्याकाळी पाच ठिकाणी जुळवावं लागतं. इथे तर शेजारी जगभर पसरलेले, एकमेकांशी न पटणाऱ्या देशांचे, शिवाय समुद्रात तरंगणारी मोजयंत्रं, हवेत सोडलेले फुगे आणि उपग्रह. या सगळ्यांनी मिळून एकाच दिशेने खोटं बोलायचं आणि तेही दशांशापर्यंत जुळवून. आमच्याकडे सोळा वर्षांच्या पोराला तीन आकडे जुळवता आले नाहीत.

शंभर वर्षांपूर्वीचं कसं कळलं? मोजलं होतं म्हणून कळलं. मद्रासची वेधशाळा १७९२ ची, मुंबईत कुलाब्याची १८२६ ची. हवामान खातं १८७५ चं, आणि ते निघालं ते १८६४ च्या कलकत्त्याच्या वादळानंतर आणि १८६६, १८७१ ला पाऊस दगा देऊन गेला त्यानंतर. तेव्हाच्या साहेबाला एकविसाव्या शतकात सौर पॅनेल विकायचे नव्हते. त्याही मागची हवा कशी होती हे बघायचं असेल तर अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे आहेत, आठ लाख वर्षांपर्यंतचे. त्यात कार्बन डायऑक्साइड कधी दहा लाखांत ३०० भागांच्या वर गेलेला नाही. १९५८ मध्ये कीलिंग नावाच्या शास्त्रज्ञांनी हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर तो मोजायला सुरुवात केली तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या वर आहे.

"पण जुन्या आकड्यांत दुरुस्त्या करतात" हा दादाचा पुढचा बाण. करतात. आणि त्यातली एक दुरुस्ती माझ्या फार आवडीची आहे. पूर्वी जहाजावरून बादली सोडून समुद्राचं पाणी वर काढायचे आणि त्यात थर्मामीटर बुडवायचे. बादल्या बऱ्याचदा कॅनव्हासच्या. डेकवर वाऱ्यात येईपर्यंत ओल्या कॅनव्हासमधून पाणी उडून जायचं आणि बादलीतलं गार व्हायचं. म्हणजे अण्णांची ओली वातच, फक्त बादलीएवढी! त्यामुळे जुने समुद्र होते त्याहून थंड नोंदले गेले, आणि दुरुस्तीत ते वर उचलावे लागले. आता हिशोब करा: जुनं तापमान वर उचललं तर वाढ कमी दिसेल की जास्त? कमी. पृथ्वीचा एकूण आकडा धरला तर सगळ्या दुरुस्त्यांनी मिळून तापमानवाढ थोडी घटवलीच आहे. कारस्थान असेल तर फारच मठ्ठ लोकांचं आहे.

रिचर्ड म्युलर नावाचे अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ. यांनाही असाच संशय होता. त्यांनी गट जमवून सगळ्या जुन्या नोंदी नव्याने तपासल्या, त्यातला काही पैसा तर तेल उद्योगातल्या कोक घराण्याच्या प्रतिष्ठानाचा होता. २०१२ मध्ये त्यांनी जाहीरपणे लिहिलं की तापमानवाढ खरी आहे आणि ती माणसामुळेच होते आहे. दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, त्यालाही विकत घेतला असेल. यापुढे वादाला जागा राहत नाही.

माणसामुळेच कशावरून, हे तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय. थोडक्यात: कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जुनं, त्यातला किरणोत्सारी कार्बन, जो काळाबरोबर आपोआप घटत जातो, कधीच संपलेला. हवेत वाढलेला कार्बनही तसाच, किरणोत्सारी नसलेला निघतो. आणि सूर्य तापला असता तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा स्थितांबर थंड होतोय. पांघरूण घेतल्यावर जे होतं ते, फक्त इथे पांघरूण कार्बन डायऑक्साइडचं.

दादाचं हुकमी पान म्हणजे २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला ७३.४. "एकाच शहरात एवढा फरक? म्हणजे मोजायलाच येत नाही यांना." अरे, पाऊसच तसा पडला होता! उपनगरं बुडाली आणि दक्षिण मुंबईत लोकांना संध्याकाळपर्यंत पत्ता नव्हता, हे त्या दिवशी मुंबईत असलेला कोणीही सांगेल. ठोकायचे असते तर कोणीही शहाणा माणूस दोन्हीकडे चारशे-चारशे लिहून मोकळा झाला असता. खरा आकडाच असा वेडावाकडा असतो.

परिणामांचं म्हणाल तर आपल्या देशाचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ मध्ये सुमारे ०.७ अंशाने वाढलं. २०२४ हे १९०१ पासूनचं सगळ्यात उष्ण वर्ष निघालं. लोक म्हणतात ०.७ ने काय होतं. हवा एक अंश तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणजे पडेल तेव्हा एकदम कोसळेल. आणि गंमत अशी की १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा पावसाळ्यातला एकूण पाऊस सहा टक्क्यांनी कमी झाला, आणि साधारण त्याच काळात मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरच्या वर कोसळण्याचे प्रसंग ७५ टक्क्यांनी वाढले. सोलापूरकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पेरणीला नाही आणि काढणीला धो धो.

आणि तो ओला थर्मामीटर. दादाने ठोकलेला ३७.७ मला खूप वर्षांनी पुन्हा भेटला, एका लेखात. ओल्याचा आकडा ३५ च्या वर गेला तर घाम येऊनही उपयोग होत नाही. सावलीत बसा, पंखा लावा, पाणी प्या, शरीर थंड होऊ शकत नाही, धडधाकट माणूस काही तासांत जातो. प्रयोगांत तर तरुण, निरोगी लोकांची सहनशक्ती त्याहून बऱ्याच खालीच संपते असं दिसलंय. म्हणून बातम्यांत नुसता "पारा ४५ वर" वाचून मला काही कळत नाही, ओला किती ते सांगा. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हातल्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जण गेले. विदर्भासारखे ४५ वगैरे नव्हते त्या दिवशी. खाडीकाठची दमट हवा होती. दादाचा आकडा खरा असता तर त्या संध्याकाळी मॅच पूर्ण झालीच नसती.

आता हेही सांगते, नाहीतर कोणीतरी खाली लिहीलच. मी शास्त्रज्ञ नाही. अण्णांच्या वह्यांवरून हवामान बदल सिद्ध होत नाही, एका गावाच्या वह्यांवरून कुठलाच होत नाही. शाळेमागे आता सिमेंटचा रस्ता आणि मंगल कार्यालय आहे, तिथे पेटी असती तर तिने जास्तच दाखवलं असतं. शहरं तापतात हा आक्षेप खराच आहे, पण म्हणून तर समुद्राचे आणि रानातले आकडे वेगळे काढून बघतात, आणि वाढ तिथेही दिसते. शिवाय प्रत्येक ढगफुटीला हवामान बदल म्हणणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. ७२ चा दुष्काळ कोणी विसरलेलं नाही.

तुमच्या सहकाऱ्यांशी वाद घालू नका. त्यांना एक साधा कमाल-किमान थर्मामीटर आणून द्या, उत्तरेच्या भिंतीला सावलीत लावायला सांगा आणि म्हणा, महिनाभर रोज साडेपाचला वाचून लिहा. एकही दिवस न चुकता. मग ठोकाठोकीवर बोलू. माझी पैज आहे, दुसऱ्या रविवारी चुकतील.

आणि घरातच असा माणूस असेल तर वह्या जपून ठेवा. अण्णा गेल्यावर वाटण्या झाल्या तेव्हा दादाने घड्याळ आणि शिलाई मशीन नेलं, वह्या मी आणल्या. कारण गेली कित्येक वर्षं तो प्रत्येक लग्नकार्यात ही गोष्ट सांगतो आणि सांगताना ठोकणारी मी असते. "तायडीने काय केलं माहितेय का..." भाचे-पुतणे हसतात. मीही हसते. ते पान माझ्यासमोर उघडं आहे. अण्णांच्या रेघांखाली तिन्ही आकडे स्वच्छ वाचता येतात, आणि त्यातल्या प्रत्येक इंग्रजी साताच्या पोटातून एक आडवी रेघ गेलेली आहे. सात असा काढणारा आमच्या घरात एकच माणूस आहे, अजूनही तसाच काढतो. परवाच्या राखीच्या पाकिटावरसुद्धा काढलाय.