एअरलॉक म्हणजे नेमके काय, आणि नळातला व अंतराळयानातला एअरलॉक एकच का?

अंतराळयानात असतो तो एअरलॉक आणि नळाला पाणी येईनासे झाल्यावर प्लंबर ज्याला ‘एअरलॉक’ म्हणतात तो, हे एकच आहेत का आणि हा शब्द कुठून आला, असे आपण विचारले आहे. शब्द एकच असला, तरी त्याचे अर्थ दोन आहेत.

पहिल्या अर्थातील ‘लॉक’ म्हणजे कुलूप नव्हे. कालव्यावर दोन्ही बाजूंनी दरवाजे असलेल्या ज्या कोठीत जहाज थांबवून पाण्याची पातळी चढवतात किंवा उतरवतात, तिला इंग्रजीत लॉक म्हणतात. पनामा कालव्यात जहाजे अशा कोठ्यांमधूनच सुमारे २६ मीटर वर नेली जातात. पाण्याच्या पातळीऐवजी हवेचा दाब बदलणारी तशीच कोठी म्हणजे एअरलॉक. थॉमस कॉक्रन या ब्रिटिश नौसेनानींनी १८३० मध्ये दाबाखालील हवेने पाणी रोखून बोगदा किंवा विहीर खणण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि १८३९ च्या सुमारास फ्रान्समध्ये जाक ट्रिजे यांनी लुआर नदीकाठी कोळशाच्या खाणीसाठी ती प्रत्यक्ष वापरली. पुढे पुलांचे पायेही याच रीतीने घातले गेले. पाण्यात दर १० मीटर खोलीमागे दाब साधारण एका वातावरणाने (म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका) वाढतो, तेवढाच दाब खणणाऱ्यांच्या कोठीत ठेवावा लागतो, आणि म्हणूनच आत जाणारा मजूर बाहेरचे दार लावून, झडप उघडून, दाब समान झाल्यावरच आतले दार उघडू शकतो. दार जास्त दाबाच्या बाजूला उघडणारे असल्यास एका वातावरणाच्या फरकाने एका चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा भार त्याला घट्ट दाबून धरतो, त्यामुळे दाब समान होण्यापूर्वी ते हाताने उघडणे शक्यच नसते. बाहेर येताना मात्र दाब हळूहळू उतरवणे आवश्यक असते, कारण घाई केल्यास रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. ब्रुकलिन पुलाचे अभियंते वॉशिंग्टन रोबलिंग याच विकाराने कायमचे खंगले, आणि या शोधाची ही किंमत विसरू नये असे मला मनापासून वाटते.

१८ मार्च १९६५ रोजी सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह वोस्खोद-२ या यानातून अंतराळात बाहेर पडले, तेही फुगवता येणाऱ्या एअरलॉकमधूनच. मी पुण्यात औषधनिर्मितीच्या स्वच्छ कक्षांचे काम पाहतो. तेथे आतला दाब बाहेरपेक्षा अवघा १० ते १५ पास्कल (दाबाचे अगदी लहान एकक) जास्त असतो, तरी दोन्ही दारे एकाच वेळी उघडू नयेत हा नियम तितकाच कडक असतो. पाषाणच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील अतिसुरक्षित प्रयोगशाळेत दाब उलट, म्हणजे आत कमी ठेवतात, जेणेकरून आतली हवा बाहेर निसटू नये.

नळाच्या बाबतीत ‘लॉक’ म्हणजे अडणे. दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बंद राहिला आणि गच्चीवरची टाकी रिकामी झाली की पाइपात हवा शिरते. पाणी परत आल्यावर ती पाइपच्या उंच वळणात अडकून बसते, आणि टाकीच्या पाण्याचा थोडासा दाब तिला पुढे ढकलू शकत नाही. टाकीतून उतरणाऱ्या पाइपाला टाकीजवळच वर उघडा असलेला उभा पाइप जोडला, तर ही हवा आपोआप निघून जाते.