वाचक विचारतात: हार्वर्डच्या नाकातलं इंजिन

प्रश्न: हार्वर्ड विमानाचं 1/8 मापाचं मॉडेल बांधतोय. काउलिंगच्या (इंजिनावरच्या गोल आवरणाच्या) आत दिसणारं नऊ सिलिंडरचं नकली इंजिन घरीच करायचं आहे. सनबोर्डच्या चकत्या कापून पाहिल्या, पण फिन (सिलिंडरभोवतीच्या थंडाव्याच्या पातळ कडा) वाकड्यातिकड्या येतात. क्रँककेस, म्हणजे सिलिंडर ज्यावर बसतात ती मधली गोल पेटी, 64 मिमी व्यासाची धरली आहे.
– एक वाचक, दादर

आधी काउलिंगचा आतला व्यास मोजा. हार्वर्डच्या प्रॅट अँड व्हिटनी वास्पचा व्यास सुमारे 1.31 मीटर, म्हणजे 1/8 ला 164 मिमी. तुमच्या काउलिंगची जाडी जास्त असेल तर इंजिन आत जाणारच नाही. अशा वेळी सिलिंडरच्या डोक्याकडून एकदोन मिलिमीटर बिनधास्त कमी करा, बाहेरून कोणाला कळत नाही.

सनबोर्ड मात्र सोडा. तो फोम आहे, कापलेली कड कितीही घासली तरी भुसभुशीतच राहते. एचआयपीएस (घट्ट पॉलिस्टायरिन प्लास्टिक) शीट घ्या, फिनसाठी 0.5 मिमी आणि मधल्या चकत्यांसाठी 1 मिमी. वास्पचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 146 मिमी आहे, आठव्या हिश्शाने 18 मिमीच्या थोडा वर. म्हणून मधल्या चकत्या 20 आणि फिन 24 मिमीच्या ठेवा. खऱ्या इंजिनाच्या फिन याहून दाट असतात, पण इतक्या लहान मापात तेवढ्या दाट केल्या तर रंगानेच फटी बुजतात.

चकत्या ढोबळ कापून मधोमध 3 मिमीचं भोक पाडा. सगळ्या फिन एकाच 3 मिमी बोल्टवर नटने घट्ट आवळून ड्रिलमध्ये धरा आणि 320 नंबरच्या पॉलिश पेपरने गोल करा. स्पीड कमी ठेवा, नाहीतर कड वितळून गुठळ्या होतात. लहान चकत्यांचा गठ्ठा वेगळा घासायचा. एकआड एक रचल्यावर लहान चकतीपर्यंत पेपर पोचतच नाही, आणि बहुतेकांचं काम तिथेच बिघडतं. रचून झालं की पातळ सॉल्व्हंट बारीक ब्रशने फटीत टेकवा, ते आपसूक आत ओढलं जातं. जास्त झालं तर 0.5 मिमीची फिन मऊ पडून लवते. 24 मिमी उंचीला 16 फिन बसतात. नऊ सिलिंडरच्या 144 कापत बसण्यापेक्षा एकच मास्टर (मूळ नमुना) नीट करा आणि त्याचा साचा करून बाकीचे रेझिनमध्ये ओता.

क्रँककेसवर खुणा 40 अंशांवर हव्यात. व्यासाला 0.342 ने गुणलं की दोन खुणांमधलं सरळ अंतर मिळतं, तुमच्या केसला 21.9 मिमी. डिव्हायडरने एकामागून एक पावलं टाकलीत तर प्रत्येकी 0.1 मिमीची चूक शेवटी 0.9 होते आणि नववा सिलिंडर तिरका दिसतो. त्यापेक्षा कॉम्प्युटरवर काढलेलं वर्तुळ छापून केसवर चिकटवा. पहिला सिलिंडर बरोबर वर, म्हणजे अगदी तळाशी एकही येत नाही. शेजारच्या फिन मुळाशी भिडू नयेत म्हणून पहिली फिन केसपासून 2 मिमी वर सुरू करा.

पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या पुढच्या बाजूला, प्रत्येक सिलिंडरला दोन, एकूण 18. अठराही एका मापाच्या कापा, इथला फरक लगेच डोळ्यात भरतो. बोल्ट-नट नागदेवी स्ट्रीटवर सुटे मिळतात आणि प्लगच्या वायरसाठी लोहार चाळीतली बारीक तांब्याची तार चालते.

प्रश्न: पॉलियुरेथेन रेझिनमध्ये सिलिंडर ओतले. मे महिन्यात छान आले, जुलैपासून पावासारखे फुगतात.
– एक वाचक, मुलुंड

दमट हवेमुळे. रेझिनमधल्या आयसोसायनेटची पाण्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि माल फेसाळतो. एकदा उघडलेला डबा मुंबईच्या पावसाळ्यात ओल खातोच. म्हणून लहान पॅक घ्या आणि सिलिका जेलसह हवाबंद ठेवा. ढवळायला आइसक्रीमची काडी नको, लाकडात ओल असते. स्टीलचा चमचा वापरा. सिलिकॉनचा साचा 60 अंशांवर अर्धा तास तापवून, गार झाल्यावर ओता. एसी लावून खोली कोरडी करता आली तर उत्तमच. प्रमाण वजनाचं की आकारमानाचं, ते डब्यावर नीट वाचा.

फिनच्या टोकाला बारीक बुडबुडे येत असतील तर ते वेगळं दुखणं. साच्यात टाल्कम पावडर ब्रशने फिरवून जादा झटका आणि साचा तिरका धरून ओता. सिलिंडरची मागची बाजू दिसत नाही, साच्याची चीर तिथेच ठेवा.

प्रश्न: नकली इंजिन बसवल्यापासून इलेक्ट्रिक मोटर फार तापते.
– एक वाचक, बोरिवली

नकली इंजिनामागची पूर्ण तबकडी काढा. सिलिंडरच्या मधल्या फटींच्या मागे भोकं ठेवा आणि हवा थेट मोटर आणि ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटवर) जाईल अशी वाट करा. बाहेर पडायची जागा आत येणाऱ्या जागेच्या निदान दीडपट हवी, नाहीतर हवा आत कोंडते. काउलिंगच्या मागच्या कडेला, खालच्या बाजूने कापा.